व्यायामाची मात्रा : धावणे व चालणे यांचा पादांशिक क्रम

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयात एक शिक्षक आले. वय ४६, वजन ८८ किलो, उपाशीपोटीची रक्तशर्करा सीमारेषेच्या किंचित वर, जिना चढताना धाप लागणे. निदानात विशेष अडचण नव्हती. संतर्पणजन्य मेदोदुष्टी स्पष्ट होती आणि प्रमेहाची पूर्वरूपे दिसू लागली होती. गुग्गुळकल्पाची मात्रा, सेवनकाल, अनुपान हे सर्व मी चिठ्ठीवर व्यवस्थित लिहिले. पथ्यापथ्य समजावून सांगितले. ते उठून निघाले तेव्हा जाता जाता म्हणालो, "व्यायामही सुरू करा. नुसते चालून भागणार नाही, थोडे पळत जा."

सहा आठवड्यांनी ते लंगडत आले. अर्ध-मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या शेजारच्या तरुणांबरोबर त्यांनी पहिल्याच दिवसापासून अर्धा तास न थांबता धावण्यास प्रारंभ केला होता. धाप लागली तरी थांबायचे नाही, हा त्या तरुणांचा मंत्र. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागली. ती तेल लावून दडपली. पाचव्या आठवड्यात पाय टेकवेना. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून हाडाला सूक्ष्म भंग झाल्याचे सांगितले व दीड महिना विश्रांती दिली. त्या विश्रांतीत वजन आणखी वाढले, शर्कराही वाढली. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, पळा असे तुम्हीच म्हणाला होता."

या वाक्याने मला अंतर्मुख केले. गोळी किती, केव्हा, कशाबरोबर हे आपण लिहून देतो. व्यायाम मात्र मात्रेवाचून सांगतो. मात्रेवाचून दिलेले औषध अपाय करते हे जाणणाऱ्या वैद्याने व्यायामाच्या बाबतीत असे का वागावे? या प्रश्नाचा शोध घेताना धावणे व चालणे आळीपाळीने करण्याच्या पद्धतीकडे माझे लक्ष गेले. ही पद्धत आपल्या संहितांतील विचाराशी किती जवळची आहे आणि ती चिकित्सालयात कशी वापरावी, हे येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

संहितोक्त विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात व्यायामाचे विवेचन आले आहे. शरीराला स्थैर्य व बल देणारी, हेतुपूर्वक केलेली शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम, अशी त्याची व्याख्या करून तो मात्रेने करावा असे तेथेच सांगितले आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेश सहन करण्याची शक्ती, दोषक्षय व अग्निवृद्धी हे त्याचे लाभ आपणा सर्वांना पाठ आहेत. त्यालगतच अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर व छर्दी होतात असेही सांगितले आहे. बळाबाहेर चेष्टा करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत दिला आहे. लाभांची यादी आपण रुग्णाला ऐकवितो, हा दृष्टांत मात्र क्वचितच ऐकवितो.

मात्रा कोणती, याचे उत्तर सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्ध या शब्दाने दिले आहे. वाग्भटाने त्यालाच अर्धशक्ती म्हटले आहे. व्यायाम करीत असता हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची वेळ आली, की अर्धे बल खर्च झाले असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही लक्षणेही परंपरेने सांगितली आहेत. कोणत्याही उपकरणावाचून रस्त्यावर तपासता येईल अशी ही परीक्षा आहे.

याच सातव्या अध्यायात आणखी एक विषय आहे. व्यायामाशी त्याची सांगड आपण सहसा घालत नाही. अहितकर सवय सोडताना व हितकर सवय लावताना ती एकदम न करता पादापादाने, म्हणजे चतुर्थांशाने करावी आणि मध्ये दिवसांचे अंतर ठेवावे, हा तो पादांशिक क्रम. क्रमाने सोडलेले दोष परत येत नाहीत व क्रमाने मिळविलेले गुण टिकून राहतात, असे त्याचे फल सांगितले आहे. चरकाने हा क्रम सवयीसंबंधी सांगितला आहे, धावण्यासंबंधी नव्हे. परंतु बैठ्या जीवनाची सवय मोडून शरीराला धावण्याचे सात्म्य आणून देणे हे याच क्रमाचे क्षेत्र आहे, असे मला वाटते.

आधुनिक शरीरक्रियेची दृष्टी

चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलागणिक काही क्षण दोन्ही पाय अधांतरी असतात व नंतर संपूर्ण भार एका पायावर येतो. सावकाश धावतानाही हा भार शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. चालताना तो वजनाहून थोडाच अधिक भरतो. ८८ किलो वजनाच्या मनुष्याच्या नडगीने व गुडघ्याने मिनिटाला दीडशेच्या आसपास पावलांत काय सोसावे लागते, याची कल्पना यावरून करता येईल.

स्नायू दोन मार्गांनी ऊर्जा मिळवितात. श्रम मध्यम असतील तर प्राणवायूच्या साहाय्याने मेद व शर्करा यांचे पूर्ण ज्वलन होते आणि हे काम पुष्कळ वेळ चालू शकते. श्रम मर्यादेपलीकडे गेले की प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो, शर्करेचे अर्धवट विघटन वाढते, रक्तात लॅक्टेट साठू लागते, श्वास झपाट्याने वाढतो व थोड्याच वेळात थांबावे लागते. दमसास वाढविणे म्हणजे पहिल्या मार्गाची क्षमता वाढविणे. नियमित अभ्यासाने हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर टाकले जाणारे रक्त वाढते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते व पेशींतील ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची, संख्या व कार्यशक्ती वाढते.

यात एक मेख आहे. हृदय, रक्तवाहिन्या व स्नायू काही आठवड्यांतच सुधारू लागतात. कंडरा, अस्थिबंध व अस्थी यांना मात्र महिने लागतात. धाप कमी झाली की मनुष्याला आपण समर्थ झालो असे वाटते व तो अंतर वाढवितो, पण त्याची हाडे अजून मागेच असतात. माझ्या शिक्षक रुग्णाचे नेमके हेच झाले. पोलीस भरतीच्या १६०० मीटर किंवा ८०० मीटर धावण्याच्या चाचणीसाठी महिन्या-दोन महिन्यांत तयारी उरकू पाहणारी मुले-मुली नडगी धरून आपल्याकडे येतात, त्यांचेही हेच होते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर उत्तरोत्तर धातूंच्या पोषणास अधिक काळ लागतो. रस-रक्त-मांस यांच्या वेगाने अस्थीला हाकता येत नाही.

मध्ये मध्ये चालल्याने दोन्ही प्रश्न सुटतात. श्रम पहिल्या मार्गाच्या मर्यादेत राहतात आणि हाडांवरील आघात वाटले जाऊन त्यांना मधून मधून उसंत मिळते.

पद्धतीचा पूर्वेतिहास

आळीपाळीने श्रम व विसावा घेण्याचे शास्त्र १९३० च्या दशकात जर्मनीत आकाराला आले. फ्रायबुर्ग येथील प्रशिक्षक वोल्डेमार गर्शलर व हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी धावल्यानंतर नाडी किती वेळात खाली उतरते, यावरून विसाव्याची मात्रा ठरविली. गर्शलर यांचे शिष्य रुडॉल्फ हार्बिग यांनी १९३९ मध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. ही अर्थात निष्णात खेळाडूंची पद्धत होती.

सामान्य माणसासाठी तिचे सौम्य रूप आणले ते अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांनी. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या या खेळाडूने १९७४ मध्ये नवशिक्यांचा वर्ग घेताना त्यांना धावता धावता मध्ये चालण्यास सांगितले आणि त्यातून धावणे-चालणे ही पद्धत रूढ केली. पुढे १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी बैठ्या माणसासाठी नऊ आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला. त्याचा प्रारंभ एक मिनिट धावणे व दीड मिनिट चालणे असा आहे. 'काउच टू फाइव्ह के' या नावाने तो जगभर परिचित आहे.

या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येते. थकल्यावर चालायचे नाही, थकण्यापूर्वी चालायचे. थकून थांबणाऱ्याने अर्धशक्तीची सीमा आधीच ओलांडलेली असते. वेग धारण केल्यावर होणाऱ्या विकाराची चिकित्सा करीत बसण्यापेक्षा वेगच धारण न करणे श्रेयस्कर, तसेच हे आहे.

चिकित्सालयात वापरलेला क्रम

वरील दोन्ही विचारांची सांगड घालून मी चार मिनिटांचे एक आवर्तन धरतो. एक मिनिट म्हणजे त्याचा एक पाद. रुग्णाला हिशेब लक्षात ठेवण्यास हे सोपे जाते. मांडणी माझी आहे, त्यात आपल्या अनुभवानुसार फेरफार करण्यास वाव आहे.

पूर्वकर्म : सलग ३० मिनिटे भरभर चालणे विनासायास जमेपर्यंत धावणे सुरूच करू नये. यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात.

पहिला पाद : १ मिनिट धावणे, ३ मिनिटे चालणे. पहिल्या आठवड्यात ४ आवर्तने, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ६. धावण्याचा एकूण काळ ४ मिनिटांवरून ६ मिनिटांवर जातो.

दुसरा पाद : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे. पुन्हा ४, ५ व ६ आवर्तने. धावण्याचा काळ ८ ते १२ मिनिटे.

तिसरा पाद : ३ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे. त्याच क्रमाने ४, ५ व ६ आवर्तने. धावण्याचा काळ १२ ते १८ मिनिटे.

चौथा पाद : सलग धावणे १६ मिनिटे, पुढील आठवड्यांत २० व २४ मिनिटे.

प्रत्येक वेळी प्रारंभी व शेवटी पाच ते सात मिनिटे साधे चालणे असावे. हा अभ्यास आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक दिवस करावा. मधल्या दिवशी चालणे किंवा योगासने करावीत. सर्व काही सुरळीत झाले तर बारा आठवडे लागतात, पण घाई नसावी. एखाद्या पादात दोन-तीन आठवडे अधिक राहावे लागले तर त्यात कमीपणा नाही. चाळिशीच्या पुढील स्थूल रुग्णांना मी चौथ्या पादाचा आग्रह धरीत नाही. तिसऱ्या पादावर आयुष्यभर राहणेही उत्तम आरोग्य देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. तिसऱ्या पादातील तीन दिवस व मधल्या दिवसांचे चालणे मिळून ही अपेक्षा सहज पूर्ण होते.

धावण्याचा वेग हा रुग्णाला सर्वांत कठीण जाणारा भाग आहे. 'धावा' म्हटले की लोक बस पकडण्यासारखे धावतात. येथे अभिप्रेत आहे ते दुडकी चाल वाटावी असे संथ धावणे. पाऊल लहान असावे, टाच आपटू नये. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. ही बोलण्याची परीक्षा आणि सुश्रुतोक्त बलार्धलक्षण यांत मला जवळचे नाते दिसते.

दुसरी परीक्षा चालण्याच्या काळात घ्यावी. श्रमाने उद्भवणारा क्षुद्रश्वास विश्रांतीने शमतो. चालण्याचा काळ संपेपर्यंत श्वास बहुतांशी स्थिर झाला तर मात्रा योग्य आहे. न झाल्यास पुढचे धावणे सोडून द्यावे व पुढील वेळी मागील पादावर यावे. तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. अंग हलके, भूक चांगली व झोप गाढ असेल तर व्यायाम जिरला असे समजावे. अंग जड, चिडचिड, तहान अधिक, एका विशिष्ट जागी बोट ठेवण्यासारखी वेदना असेल तर तो जिरलेला नाही.

ऋतू, प्रकृती व उपक्रम

अर्धशक्ती व्यायाम शीतकाली व वसंतात आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, हा वाग्भटाचा नियम आपल्या हवामानात फार उपयुक्त आहे. शक्य असल्यास पहिला पाद दिवाळीच्या सुमारास सुरू करावा. चैत्र-वैशाख पंचांगाने वसंत असला तरी विदर्भ-मराठवाड्यात प्रत्यक्षात ग्रीष्मच असतो. तेथे फाल्गुनापासूनच मात्रा उतरवावी. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे तिची तयारी करणारे पावसाळ्यात, अग्नी व बल मंद असताना, अंतर वाढवीत असतात. अशांना वर्षाऋतूत एक पाद मागे राहण्यास सांगावे.

कफप्रकृतीच्या व मेदस्वी रुग्णास हा क्रम विशेष मानवतो. त्याला सुरुवात करण्याचा आळस असतो, पण लय लागली की तो टिकतो. पित्तप्रकृती रुग्ण स्पर्धेला लागतो. त्याला सूर्योदयापूर्वी धावण्यास सांगावे आणि घड्याळाशी झुंजू देऊ नये. वातप्रकृती रुग्ण पहिल्या आठवड्यात सर्वांत उत्साही व चौथ्या आठवड्यात सर्वांत दुखावलेला असतो. त्याचा प्रत्येक पाद दुप्पट काळ चालवावा.

दिनचर्येत वाग्भटाने अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन व स्नान असा अनुक्रम दिला आहे. धावण्यापूर्वी पोटऱ्या, गुडघे व तळपायांना कोमट तिळतेलाचा हलका अभ्यंग आणि नंतर मेदस्वी व्यक्तीस उद्वर्तन, हा सुलभ उपक्रम आहे. जेवणानंतर तीन तास तरी धावू नये. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य आहे, हे रात्री उशिरा जेवून पहाटे धावणाऱ्यांना आवर्जून सांगावे.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी

धावणारा मनुष्य वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा औषधालयात जातो. तेथे दिलेला सल्ला निर्णायक ठरू शकतो. एक अनुभव सांगतो. पन्नाशी उलटलेले एक व्यापारी सकाळी धावताना छातीत जळजळ होते म्हणून दोन आठवडे दुकानातून अम्लपित्ताचे चूर्ण नेत होते. जळजळ धावताना येई व थांबल्यावर जाई. ते माझ्याकडे आले तेव्हा हा एकच तपशील ऐकून मी त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळीच उपचार झाले म्हणून ते वाचले. श्रमाने येणारी व विश्रांतीने जाणारी छातीतील जळजळ, दाब किंवा जखडण, विशेषतः डावा हात, जबडा वा पाठ यांकडे जाणारी, ही अम्लपित्ताची मानून चूर्ण देऊ नये. 'ही केव्हा होते?' एवढा एक प्रश्न विचारावा.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा प्रकार वाढत आहे. वेदना ही शरीराने दिलेली मात्रेची सूचना आहे. ती दडपून धावल्यास सूक्ष्म भंगाचा पूर्ण भंग होऊ शकतो, शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या वृक्कांना त्रास देतात. आपल्या तेलांनाही हाच न्याय लागू आहे. एका बोटाने दाखविता येणारी, रात्रीही ठणकणारी नडगीची वा पावलाची वेदना असेल तर तेलाची बाटली देण्याऐवजी तपासणीचा सल्ला द्यावा. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन घेणाऱ्यांची शर्करा धावताना एकाएकी उतरू शकते. अशांना खिशात साखर ठेवण्यास सांगावे आणि शर्करा उतरविणारे आणखी एखादे चूर्ण चिकित्सकाला न विचारता देऊ नये. 'स्टॅमिना वाढवायला काहीतरी द्या' या मागणीस अश्वगंधा हे ठरलेले उत्तर झाले आहे. परंतु थायरॉइडचा विकार किंवा यकृताची तक्रार असलेल्यास ती परस्पर देऊ नये. आणि बलाचा पहिला उपाय मात्रायुक्त अभ्यास हाच आहे, हेही सांगावे.

कोणास देऊ नये

ज्वर असता व ज्वरमुक्तीनंतर बल परत येईपर्यंत धावू नये. अनियंत्रित रक्तदाब, ज्ञात हृद्रोग, धावताना भोवळ, घरात अल्पवयात हृदयविकाराने मृत्यूचा इतिहास, मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली वा नेत्रपटलास रक्तस्रावाचा धोका असलेली व्यक्ती यांना तज्ज्ञांच्या तपासणीवाचून हा क्रम देऊ नये. चाळिशीपुढील धूम्रपानी, मधुमेही वा रक्तदाबाच्या रुग्णाची हृदयतपासणी आधी करून घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीची गती वाढत नाही. तेथे नाडीवरून मात्रा न ठरविता श्वासावरून ठरवावी. अशांपैकी अनेकांना चालणेच पुरेसे आहे. निर्धन प्रमेही रुग्णास पादत्राण व छत्रावाचून दीर्घ प्रवास पायी करण्याचा उपदेश सुश्रुताने केला आहे, तोही चालण्याचाच आहे. आज मात्र मधुमेही रुग्णाने अनवाणी चालू नये, हे सांगणे आपले कर्तव्य होय.

समारोप

माझे शिक्षक रुग्ण हाड जुळल्यावर पुन्हा आले. या वेळी मी व्यायामाची चिठ्ठी वेगळी लिहिली. पूर्वकर्म, पाद, आवर्तने, वार व वेळ असे सर्व तपशील त्यात होते. त्यांना बारा नव्हे, बावीस आठवडे लागले. आज ते तीन मिनिटे धावतात व एक मिनिट चालतात आणि त्या एका मिनिटात पुढे निघून जाणाऱ्या तरुणांकडे पाहून हसतात. वजन ७९ किलोवर स्थिरावले आहे व जिना चढताना धाप लागत नाही.

तेव्हापासून चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी एक ओळ मोकळी ठेवतो. तेथे व्यायामाचे नाव, मात्रा व काल लिहिल्याशिवाय चिठ्ठी रुग्णाच्या हाती देत नाही. वैद्यबंधूंनी व भगिनींनी हा प्रयोग करून पाहावा आणि आपले अनुभव या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावेत, ही विनंती.